६०/५५ की १००/९०? एच४ हेडलाइटसाठी किती वॉटचा बल्ब घ्यावा

ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात पावसाळी रात्री गाडी चालवणाऱ्यांपैकी अनेकांना कधी ना कधी आपल्या हेडलाइटचा उजेड कमी पडतो असे वाटते. अशा वेळी सुट्या भागांच्या दुकानात पहिला सल्ला मिळतो तो ‘शंभर-नव्वदचा बल्ब टाका’ हा. जुनी वॅगन आर, बोलेरो आणि त्यांच्यासारख्या असंख्य गाड्यांमध्ये जो एच४ बल्ब असतो, त्यात अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (जवळचा, खाली झुकलेला झोत) यांसाठी दोन वेगळ्या तारा (फिलामेंट) एकाच काचेत बसवलेल्या असतात. त्यांची मान्य क्षमता अप्परसाठी ६० वॉट आणि डिपरसाठी ५५ वॉट आहे. १००/९० वॉटचा बल्ब त्याच होल्डरमध्ये अगदी सहज बसतो, आणि म्हणूनच तो गाडीला चालतो असा समज होतो. बल्ब होल्डरमध्ये बसणे आणि गाडीच्या वायरिंगला, होल्डरला व परावर्तकाला तो पेलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि निर्णय दुसऱ्या गोष्टीवर घ्यावा असे मला आग्रहाने वाटते.

आधी विजेचा हिशेब पाहू. १२ व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर प्रवाह घेतो, तर १०० वॉटचा ८.३ अँपिअर. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, वॉट पावणेदोन पटींच्या आत वाढले तरी त्याच वायरमधील उष्णता जवळपास पावणेतीन पट होते. कंपनीने घातलेली वायर, कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लग), लाइटचा स्विच आणि फ्यूज हे सारे ६०/५५ चा विचार करून निवडलेले असते. त्यामुळे आधी प्लॅस्टिकचा कपलर तपकिरी पडतो, मग त्यातील पिना सैल होतात, सैल पिनांमुळे तेथील रोध वाढतो आणि रोध वाढल्यामुळे तो सांधा आणखी तापतो. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी मोठा फ्यूज घालणे हा या साखळीतील सर्वांत धोकादायक टप्पा आहे, कारण त्यानंतर वायरला वाचवणारे काहीच उरत नाही.

आता प्रत्यक्ष लाभ किती होतो ते पाहा. वॉटच्या प्रमाणात प्रकाश वाढतो असे धरले, तरी रस्त्यावरचा उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असल्याने ६० ऐवजी १०० वॉट घातल्यावर दिसण्याचे अंतर फार तर तीस टक्क्यांनी वाढते. तेही वायरमध्ये व्होल्टेज न गमावता. समजा इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आहेत आणि जुन्या वायरिंगमुळे ६० वॉटच्या बल्बपर्यंत जाताना ०.८ व्होल्ट वाया जातात. तोच मार्ग वापरणाऱ्या १०० वॉटच्या बल्बच्या बाबतीत प्रवाह वाढल्यामुळे सुमारे १.३ व्होल्ट वाया जातील. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानुसार बदलतो, त्यामुळे या अर्ध्या व्होल्टच्या फरकाने अपेक्षित प्रकाशातील सुमारे आठवा हिस्सा तेथेच नाहीसा होतो. शिवाय अधिक वॉटची तार आकाराने मोठी असते. परावर्तक मात्र मूळ तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, म्हणून वाढलेल्या प्रकाशाचा काही भाग रस्त्यावर न पडता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

याच ३.४ व्या घाताचा उपयोग उलट दिशेनेही करता येतो, आणि या साऱ्या चर्चेत मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब हीच आहे. मल्टिमीटर घेऊन इंजिन चालू ठेवावे, डिपर लावावा आणि आधी बॅटरीवरचे, मग बल्बच्या पिनांवरचे व्होल्टेज मोजावे. दोहोंत एक व्होल्टचा फरक निघाला, तर तुमचा ६०/५५ चा बल्ब आपला पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक प्रकाश वायरिंगमध्ये गमावत आहे. अर्थिंगचा सांधा घासून घट्ट केल्याने बरेचदा यातला मोठा भाग परत मिळतो. जुन्या गाडीत तेवढ्याने न भागल्यास रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) हार्नेस, म्हणजे वायरांचा तयार संच, बसवावा. त्यात बॅटरीपासून जाड वायरने, बॅटरीजवळच फ्यूज देऊन, थेट बल्बला वीज दिली जाते, आणि स्विचकडून येणारी मूळ वायर केवळ रिले चालू करण्याचे काम करते. असा हार्नेस घालून ६०/५५ च ठेवला, तर थकलेल्या वायरिंगवरच्या १००/९० पेक्षा अधिक रेखीव उजेड मिळतो आणि काहीही वितळत नाही.

रिले आणि सिरॅमिकचे होल्डर घालून १००/९० लावणारेही पुष्कळ आहेत. वायरिंगचा प्रश्न त्याने खरोखरच सुटतो. परंतु बल्बची उष्णता सुटत नाही. बंद हेडलाइटमध्ये ती परावर्तकाच्या चकाकीवर आणि समोरच्या पॉलिकार्बोनेटवर पडत राहते, आणि चकाकी एकदा उडाली की कोणताही बल्ब कामाचा राहत नाही. जुन्या काळच्या, काचेच्या भिंगाच्या आणि धातूच्या परावर्तकाच्या हेडलाइटला हे काही प्रमाणात सोसते, आजच्या प्लॅस्टिकच्या हेडलाइटला सोसत नाही. कायद्याच्या अंगानेही १००/९० अडचणीत येतो. असे बल्ब ‘केवळ ऑफ-रोड वापरासाठी’ म्हणून विकले जातात, आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये स्पष्टपणे आहे. ज्या नव्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा प्रवाह इलेक्ट्रॉनिक बॉडी कंट्रोल मोड्यूलमधून (दिवे वगैरे नियंत्रित करणाऱ्या संगणकीय भागातून) जातो, तेथे तर हा विचारच करू नये. बल्बच्या किमतीच्या कित्येक पट खर्च त्या एका मोड्यूलच्या दुरुस्तीला येऊ शकतो.

त्याच ६०/५५ वॉटमध्ये मिळणारे ‘अधिक प्रकाशाचे’ बल्ब, उदाहरणार्थ ऑसरामचा नाइट ब्रेकर किंवा फिलिप्सचा एक्स्ट्रीमव्हिजन, हा माझ्या मते बहुतेकांसाठी योग्य पर्याय आहे. यांत तार अधिक घट्ट गुंडाळलेली आणि अचूक जागी बसवलेली असते, वॉट तेवढेच राहतात, आणि प्रकाश रस्त्याच्या नेमक्या भागात एकवटतो. खोक्यावर छापलेले मोठाले टक्के मात्र पूर्ण उजेडाचे नसून प्रकाशझोतातील ठरावीक बिंदूंवरचे असतात, हे ध्यानात ठेवावे. तारेचे तापमान जास्त असल्याने त्यांचे आयुष्य साध्या बल्बपेक्षा कमी असते. जो रोज रात्री लांबचा प्रवास करतो त्याने बदलीचा खर्च धरून चालावे, आणि जो प्रामुख्याने शहरात, पथदिव्यांखाली गाडी चालवतो त्याने साधा, चांगल्या कंपनीचा ६०/५५ घेऊन पैसे वाचवावेत. निळसर काचेचे पांढरे दिसणारे बल्ब दोघांनीही टाळावेत, कारण निळा लेप प्रकाशाचा काही भाग गाळून टाकतो आणि ओल्या डांबरावर उजेड कमीच जाणवतो.

एलईडीच्या खोक्यावरचा वॉटचा आकडा या तुलनेत उपयोगी नाही, कारण तेवढ्याच वॉटमध्ये एलईडी कितीतरी अधिक प्रकाश देतो. तेथे खरा प्रश्न जागेचा आहे. एच४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते व तिच्यामुळे झोताला वरची सीमारेषा मिळते. एलईडीची चकती त्या तारेच्या जागी हुबेहूब बसली नाही, तर ती रेषा विस्कटते आणि उजेड समोर सर्वत्र फाकतो.

कोणताही बल्ब निवडला तरी दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, काचेला बोट लावू नये, आणि नंतर सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून झोत तपासावा. डिपरची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. डावीकडे ती थोडी वर चढलेली असणे बरोबर आहे, कारण आपल्याकडे रस्त्याची कड आणि पायी चालणारी माणसे त्या बाजूला असतात. मागच्या सीटवर चार माणसे आणि डिकीत सामान असेल तेव्हा डॅशबोर्डवरची लेव्हलची चकती फिरवून झोत खाली घ्यावा.