लिनक्सवर पार्टिशन करायचंय: जीपार्टेड, जीनोम डिस्क्स, पार्टेड की एफडिस्क?

चिपळूण-गुहागरकडे जून ते सप्टेंबर लाईट कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळे इथे पार्टिशनचं, म्हणजे डिस्कची वाटणी करायचं, टूल निवडताना ते दिसायला कसं आहे हे मागाहून बघावं. आधी बघायचं ते असं, की ते डिस्कवर लिहायला कधी लागतं आणि किती वेळ लिहीत राहतं.

पार्टिशन बदलणं म्हणजे खरं तर दोन निरनिराळी कामं. सातबाऱ्यावर हद्द बदलून घेणं वेगळं आणि जागेवरचा गडगा उचलून दुसरीकडे रचणं वेगळं. पार्टिशन टेबलातली, म्हणजे डिस्कवरच्या वाटणीच्या यादीतली, नोंद क्षणात बदलते. पण पार्टिशनची सुरुवात पुढेमागे सरकवायची तर आतला सगळा डेटा उचलून हलवावा लागतो, आणि जुन्या हार्ड डिस्कवर त्याला तासन्‌तास लागतात. त्यात मध्येच वीज गेली, तर डेटा गेल्यातच जमा.

ही दोन्ही कामं एका ठिकाणी करणारं टूल म्हणजे जीपार्टेड. बदल आधी खाली यादीत साठतात, ‘अप्लाय’ दाबेपर्यंत डिस्कला धक्का लागत नाही. रूट पार्टिशन, म्हणजे जिथे लिनक्स बसलेलं असतं ते, लहान करायचं तर ते माउंट केलेलं (वापरात जोडलेलं) चालत नाही, म्हणून पेनड्राइव्हवरून जीपार्टेड लाइव्ह बूट करायचं. दापोलीतल्या होमस्टेवाल्याच्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स बसवायचं असेल, तर माझं मत सरळ जीपार्टेडला. फक्त विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करून घ्या, नंतर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, आणि बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना केडीई पार्टिशन मॅनेजर तेच काम त्याच पद्धतीने करून देतो. तिथे वेगळा विचार करायची गरज नाही.

जीनोम डिस्क्स उबुंटूत आधीपासून असतं, म्हणून हात पटकन तिकडे जातो. पण त्यात यादी वगैरे काही नाही. खात्रीचा एक प्रश्न विचारतं आणि लगेच काम उरकतं. पेनड्राइव्ह फॉरमॅट करायला, डिस्कची तब्येत म्हणजे स्मार्टचे आकडे बघायला झकास. मुख्य डिस्कच्या वाटणीला मी ते घेणार नाही.

टर्मिनलवाल्यांमध्ये खरी निवड पार्टेड आणि एफडिस्क यांच्यात. पार्टेडमध्ये एंटर मारला की बदल तिथल्या तिथे डिस्कवर. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हे सोयीचं, रात्री अकरा वाजता डोळे चोळत बसलेल्याला नाही. शिवाय २०११ च्या ३.० आवृत्तीपासून फाइलसिस्टीमचा, म्हणजे पार्टिशनच्या आत फाइली मांडायच्या रचनेचा, आकार बदलण्याचं काम पार्टेडने सोडून दिलं. तो फक्त हद्द हलवतो, लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टीमसाठी रिसाइझ२एफएस वेगळं चालवायला लागतं. वाढवताना आधी पार्टिशन, मग फाइलसिस्टीम. लहान करताना नेमका उलटा क्रम, आणि तो चुकला की डेटा कापला जातो.

एफडिस्क मात्र सगळं मेमरीत ठेवतो. ‘डब्ल्यू’ दाबलं तरच लिहितो, ‘क्यू’ दाबलं की काही झालंच नाही. त्याला जीपीटी, म्हणजे पार्टिशन टेबलाचा नवा प्रकार, जमत नाही असं अजून ऐकू येतं, पण तो ज्या संचात येतो त्या युटिल-लिनक्सच्या २०१३ च्या २.२३ आवृत्तीपासून जमतं. दोन टीबीच्या वरची डिस्क असेल तर नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरला एमबीआर हा जुना प्रकार पुरत नाही, तिथे जीपीटीच घ्या. जीडिस्क हे टूल आता मुख्यतः एमबीआरचं जीपीटी करून घेण्यापुरतं लागतं. एफडिस्कमध्ये पार्टिशन मोठं करायची नेहमीची रीत म्हणजे जुनं पुसून त्याच सुरुवातीपासून नवं करायचं. ‘सिग्नेचर (आतल्या फाइलसिस्टीमची ओळखखूण) काढू का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं. हे जिवावर येत असेल तर सीएफडिस्क घ्या. बाणाच्या कळांनी चालतं, आकार बदलायची सोय आहे, आणि लिहिण्याआधी ‘येस’ पूर्ण टाइप करायला लावतं. एसएसएचवरून, म्हणजे दुरून टर्मिनलने, सर्व्हर सांभाळणाऱ्याला मी हेच सुचवेन.

काहीही निवडलंत तरी आधी एसएफडिस्क या टूलच्या डंपने पार्टिशन टेबल एका फाइलीत उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. हद्दी बिघडल्या तर परत आणता येतात. तो डेटाचा बॅकअप नव्हे, तो वेगळाच घ्यायला हवा.

आता वीज. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर प्रश्न नाही. डेस्कटॉप घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते बघा. साध्या मोडमध्ये वीज पालटताना कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो.

आणि शक्य असेल तर डेटा हलवूच नका. डाव्या बाजूला मोकळी जागा निघाली म्हणून लिनक्सचं पार्टिशन तिकडे ओढण्यापेक्षा त्या जागेत नवं ईएक्सटी४ करून फोटो, हिशेब तिथे माउंट करा. एक्सएफएस ही फाइलसिस्टीम वापरणाऱ्यांनी तर वाटणी सुरुवातीलाच विचाराने करावी. ती फाइलसिस्टीम वाढते, पण वरचं कुठलंही टूल घेतलं तरी आहे तिथल्या तिथे लहान करून मिळत नाही. बॅकअप घेऊन नव्यानेच बनवावी लागते.