नागासाकीचं सव्वीस रक्तसाक्षींचं संग्रहालय : वसईकरांनी चुकवू नये

जपानला जाणारी वसईची मंडळी टोकियो, क्योतो आणि फुजीचा डोंगर बघून परत येतात, याची मला फार हळहळ वाटते. आपला संत गोन्सालो गार्सिया ज्या निशिझाका टेकडीवर क्रुसावर गेला, ती नागासाकी स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. शेवटी चढ आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर सरळ टॅक्सी करा. आम्ही गेलो तेव्हा तिकीट ५०० येन होतं. बाहेरचं स्मारक बघायला पैसे पडत नाहीत.

आधी बाहेरच थांबा. गोन्सालोसह धर्मासाठी इथे मारल्या गेलेल्या सव्वीस जणांना १८६२ साली संतपद मिळालं, त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा १९६२ मध्ये हे उभारलं. यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेले कांस्याचे सव्वीस पुतळे एका रांगेत आहेत. खिळे, भाले, रक्त बघावं लागणार, अशी मनाची तयारी करून मी गेले होते. तसं काहीच नाही. बहुतेकांचे हात जोडलेले आहेत, पावलं अधांतरी, आणि चेहरे गाणाऱ्या माणसांचे. भाच्याने रांगेतला आपला गोन्सालो दाखवला, तेव्हा मी तिथेच उभी राहून ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हटलं. मराठीत.

गोन्सालो वसईत जन्मला, जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली शिकला, जपानमध्ये राहिला, व्यापारही केला. पुढे मनिलात तो फ्रान्सिस्कन या संन्यासी संघाचा ब्रदर झाला. जपानी उत्तम बोलायचा, म्हणून १५९३ साली दुभाषा म्हणून त्याला परत जपानला नेलं. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमावरून क्योतो आणि ओसाकात यांतल्या बहुतेकांना धरलं, डाव्या कानाचा तुकडा कापून गावभर फिरवलं आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत आणलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला सगळ्यांना मारलं. सव्वीसपैकी वीस जण जपानी होते.

रांगेतले तीन पुतळे बुटके आहेत. तिथे माझे पाय अडले. लुईस बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा, तोमास चौदा. धर्म सोड, जीव वाचेल, असं लुईसला सांगून पाहिलं, तो बधला नाही. टेकडीवर आल्यावर माझा क्रूस कुठला, असं त्याने विचारल्याचं सांगतात. क्रुसावरून मुलांनी स्तोत्र म्हटलं. तोमासने वाटेत आईला पत्र लिहिलं होतं. काळजी करू नकोस, बाबा आणि मी स्वर्गात तुझी वाट बघू, असं त्यात आहे, आणि पाठोपाठ धाकट्या भावांना सांभाळ म्हणून विनवणीही आहे. बाप त्याच तांड्यात होता, पत्र नंतर त्याच्या कपड्यांत रक्ताने माखलेलं सापडलं. ‘संत आनंदाने मेले’ हे धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेलं वाक्य मला कधी पटलं नव्हतं. वेदना होत नसल्यासारखं वाटायचं ते. या पोराला घराची काळजी आहे, आईची आठवण आहे, आणि तरीही तो गातोय. हा आनंद मला कळतो.

आत गेल्यावर घाई करू नका. ख्रिस्ती धर्मावरच्या बंदीच्या काळात, म्हणजे १६१४ पासून १८७३ पर्यंत, लोकांनी धर्म कसा लपवून जपला ते इथे दिसतं. बौद्ध देवतेच्या रूपात पुजलेली मरियामाता आहे. ख्रिस्ती नाही हे सिद्ध करायला ज्यांच्यावर पाय ठेवायला लावत, त्या प्रतिमाही आहेत. मला सगळ्यांत जवळचं वाटलं ते ‘हिमाची मरिया’ हे कागदावरचं चित्र. जपानी वळणाचा चेहरा, मोकळे लांब केस, जोडलेले हात, आणि भोवतीचा कागद जागोजागी झिजून गेलेला. गुंडाळून, लपवून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं. कुठल्या तरी घरातल्या बायका रात्री हे उघडून प्रार्थना करत असतील, आणि त्या घटकेपुरतं घरात सणासारखं वाटत असेल, असं माझ्या मनात आलं.

टूरबरोबर जात असाल तर आधी विचारून घ्या. आमच्या टूरवाल्यांनी इथे फोटोपुरताच वेळ ठेवला होता, म्हणून मी दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन पुन्हा गेले. निवांत दोन तास हवेत. शेजारचं दोन मनोऱ्यांचं चर्चही बघा, तेही संग्रहालयाचे वास्तुविशारद केन्जी इमाई यांनीच बांधलं आहे. जमलं तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला जा, तेव्हा या टेकडीवर रक्तसाक्षींच्या स्मरणार्थ उघड्यावर मिस्सा होते. थंडी कडक असते, स्वेटर जाडच घ्या.