यूकेतली बायोमेडिकल सायन्स बीएस्सी: शिकवणं एक नंबर, पण प्लेसमेंटचं नीट विचारून घ्या

बारावीला पीसीबी, नीटच्या मार्कांवर सरकारी एमबीबीएस मिळत नाही, प्रायव्हेटची फी ऐकून घरचे गप्प, मग कोणीतरी सुचवतं की यूकेला बायोमेडिकल सायन्स कर, आणि एजंट लोक पण हाच कोर्स पुढे करतात कारण याला नीट लागत नाही. मी ही डिग्री इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीतून पूर्ण केलीय आणि आता इथेच एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये असिस्टंट म्हणून कामाला आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. युनिव्हर्सिटीचं नाव घालत नाही, कारण खाली जी तक्रार आहे तीच इतर ठिकाणच्या मुलांकडूनही ऐकलीय.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. हा डॉक्टर व्हायचा कोर्स नाही, आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंगशी याचा काही संबंध नाही. पेशंटचं रक्त, लघवी, गाठीचा तुकडा लॅबमध्ये आला की पुढे त्याचं काय होतं, ते का होतं आणि रिपोर्टवर विश्वास कधी ठेवायचा, हे सगळं यात शिकवतात. आपल्याकडे डीएमएलटी, बीएमएलटी करून मुलं जे काम करतात त्याच्या जवळचं, फक्त थिअरी आणि रिसर्च बराच जास्त. इथून पुढे मेडिसिनला जाता येतं, ग्रॅज्युएट लोकांसाठी चार वर्षांचा वेगळा कोर्स असतो, पण त्यात सीट फार कमी आणि बाहेरच्या देशातल्या मुलांना घेणारी कॉलेजेस त्याहून कमी. तेवढ्या एका आशेवर येऊ नका, प्लीज.

शिकवण्याला मात्र पूर्ण मार्क. पहिल्या वर्षी सेल बायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, फिजिओलॉजी, थोडं स्टॅटिस्टिक्स, बारावीचा अभ्यास चांगला झाला असेल तर जड जात नाही. खरी मजा दुसऱ्या वर्षापासून, क्लिनिकल बायोकेमिस्ट्री, हेमॅटोलॉजी, ट्रान्सफ्युजन (पेशंटला रक्त देणं), मायक्रोबायोलॉजी, इम्युनोलॉजी, सेल्युलर पॅथॉलॉजी.

एक उदाहरण देते म्हणजे शिकवायची पद्धत कळेल. सरांनी एक रिपोर्ट दिला, पोटॅशियम एवढं जास्त की पेशंटचं हृदय कधीही बंद पडेल, कॅल्शियम जवळजवळ नाहीच, अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम पण खाली, आणि पेशंट मात्र ओपीडीत आरामात बसलेला. आम्ही सगळे किडनी, पॅराथायरॉइड, काय काय सांगत बसलो. उत्तर होतं जांभळ्या झाकणाची ट्यूब. तिच्यात पोटॅशियमचं ईडीटीए असतं, ते कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही, आणि कोणीतरी त्या ट्यूबमधलं थोडं रक्त बायोकेमिस्ट्रीच्या ट्यूबमध्ये ओतलं होतं. म्हणजे पोटॅशियम बाहेरून आलं, कॅल्शियम बांधलं गेलं आणि एन्झाइमला लागणारं झिंक, मॅग्नेशियमही त्यातच अडकलं. असा रिपोर्ट तसाच वॉर्डात गेला तर नसलेल्या आजाराचे उपचार सुरू होऊ शकतात. आज कामावर असले आकडे दिसले की आधी ट्यूबकडे बघायचं हे डोक्यात पक्कं बसलंय, ते त्या एका तासामुळे.

प्रॅक्टिकल्स पण भरपूर. मला सगळ्यात आवडलं ते हिस्टॉलॉजी. मेणात बसवलेला टिश्यूचा ब्लॉक बर्फावर गार करायचा, मग मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप घ्यायचे, काप एकाला एक चिकटून रिबन तयार होते, ती ब्रशने उचलून कोमट पाण्यावर अलगद सोडायची की सुरकुत्या आपोआप निघतात, आणि मग खालून स्लाइड तिरकी घालून वर घ्यायची. हात जरा थरथरला की फाटलंच. नंतर हेमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलं की केंद्रकं निळी-जांभळी आणि बाकीचं गुलाबी, आणि मायक्रोस्कोपखाली आपण स्वतः कापलेलं आतडं दिसतं. हे करताना तास कसा जातो कळत नाही ज्याला, त्याने हा कोर्स नक्की घ्यावा.

आणि ट्रान्सफ्युजनच्या लेक्चरला स्क्रीनवर मोठ्या अक्षरात 'बॉम्बे ब्लड ग्रुप' आलं तेव्हा खरंच भरून आलं. 1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला हा ग्रुप इथल्या मुलांना परीक्षेसाठी पाठ करावा लागतो. या लोकांच्या लाल पेशींवर एच अँटिजेनच नसतं, त्यामुळे साध्या तपासणीत ते ओ ग्रुपचे वाटतात, पण ओचं रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं, कारण त्यांच्या अंगात अँटी-एच, म्हणजे एचवर हल्ला करणारी अँटीबॉडी असते. त्यांना फक्त बॉम्बे ग्रुपचंच रक्त चालतं. आपल्या शहराचं नाव सगळ्या जगातल्या रक्तपेढ्यांमध्ये घेतलं जातं, हे घरी असताना मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मार्कांबद्दल आईवडिलांना आधीच सांगून ठेवा. इथे 70 च्या वर म्हणजे फर्स्ट क्लास, 60 च्या वर म्हणजे टू-वन (त्याच्या खालचा क्लास), आणि 65 मिळाले तर ते चांगले मार्क आहेत. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे मार्क फायनल क्लासमध्ये धरत नाहीत, पास मात्र व्हावंच लागतं.

आता मुद्द्याचं. इथे 'बायोमेडिकल सायंटिस्ट' हे पद कायद्याने राखीव आहे, एचसीपीसीकडे, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांची नोंदणी करणाऱ्या इथल्या संस्थेकडे, नाव नोंदवल्याशिवाय ते कोणी लावू शकत नाही. आणि नुसती डिग्री घेऊन नाव नोंदवता येत नाही. डिग्रीला आयबीएमएसची (बायोमेडिकल सायंटिस्ट लोकांची व्यावसायिक संस्था) मान्यता हवी, शिवाय मान्यता असलेल्या लॅबमध्ये काम करत रजिस्ट्रेशन पोर्टफोलिओ, म्हणजे काम येतं याच्या पुराव्यांची फाइल, पूर्ण करायचा, तो तपासला जातो, मग सर्टिफिकेट मिळतं, त्यानंतर एचसीपीसी. डिग्रीला मान्यता नसेल तर वरून जादा मॉड्यूल्स करा, पुन्हा पैसे. कोर्सचं नाव सगळीकडे सारखंच असतं, मान्यता सगळीकडे नसते, एजंट हे स्वतःहून सांगत नाही.

पोर्टफोलिओ करायचा सोपा रस्ता म्हणजे दुसऱ्या वर्षानंतरचं प्लेसमेंट इयर, म्हणजे आपल्याकडचं नोकरीचं प्लेसमेंट नाही, तर पूर्ण वर्ष हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ट्रेनिंग. माझी तक्रार इथेच आहे. आमच्या युनिव्हर्सिटीने वेबसाइटवर, ओपन डेला, ईमेलमध्ये, सगळीकडे प्लेसमेंटचा गाजावाजा केला आणि प्रत्यक्षात हॉस्पिटलच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यासाठी अख्ख्या वर्गात इंटरव्ह्यू. ज्यांना मिळालं नाही त्यांना 'स्वतः शोधा' असा मेल आला. मला इंटरव्ह्यूनंतर नकार आला आणि तीन वर्षांत डिग्री घेऊन बाहेर पडले. आता असिस्टंट म्हणून नमुने लावणं, लेबल तपासणं, सेंट्रिफ्यूज हे काम करतेय आणि ट्रेनीची जागा निघायची वाट बघतेय, माझ्यासारखे खूप जण आहेत. लाखो रुपये फी घेणाऱ्या संस्थेने जागा किती आणि मुलं किती हे आधी लेखी सांगायला पाहिजे. याचा मला अजूनही राग आहे.

पैशाचं म्हणाल तर बाहेरच्या मुलांना बऱ्याच ठिकाणी वर्षाला 16 ते 30 हजार पौंड फी, नावाजलेल्या ठिकाणी त्याच्याही वर, राहणं-खाणं वेगळं. टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, त्यात फी निघत नाही. रजिस्ट्रेशन झाल्यावर एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) सुरुवात पगाराच्या बँड 5 ला होते, इंग्लंडमध्ये 2025-26 ला तो वर्षाला साधारण 31 हजार पौंडांपासून होता. कर्ज काढणार असाल तर हे दोन आकडे शेजारी ठेवून घरात बोला.

माझ्याकडून शिकवण्याला 5 पैकी 5, प्लेसमेंटच्या मदतीला 2.

अर्ज करायच्या आधी युनिव्हर्सिटीला थेट मेल करा, एजंटमार्फत नको. विचारा की माझ्या बॅचच्या कोर्सला आयबीएमएसची मान्यता आहे का आणि कधीपर्यंत, मागच्या वर्षी हॉस्पिटल लॅबमध्ये किती मुलं गेली आणि त्यात बाहेरच्या देशातली किती, प्लेसमेंटमध्ये पोर्टफोलिओ पूर्ण होतो का अर्धवट राहतो, त्या वर्षाची फी किती. 'हेल्थकेअर सायन्स' नावाच्या डिग्र्यांमध्ये काही ठिकाणी हॉस्पिटलचं ट्रेनिंग कोर्समध्येच असतं आणि त्या एचसीपीसीने मंजूर केलेल्या असतात, बाहेरच्या मुलांना घेतात का तेही त्याच मेलमध्ये विचारा. उत्तर गोल गोल आलं तर पुढच्या युनिव्हर्सिटीला मेल टाका.