गोव्याच्या उन्हात टिकणारा डॅशकॅम आणि फोंड्यातलं फिटिंग

गोव्यात डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेला लावून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, घ्यायचा विचार करणाऱ्या सगळ्यांना आधी एकच सांगते, रिझोल्यूशन ४के घेऊ की २के ह्या वादात पडण्याआधी दोन गोष्टी बघा, कॅमेऱ्याच्या आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर, आणि तो गाडीत बसवणार कोण. बाकी सगळं ह्यानंतर. मी व्हायोफो ए११९ मिनी २ घेतला, पावसाळ्याआधी बसवून घेतला, अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचं ऊन त्याने काढलं, म्हणून आता लिहितेय.

माझं रोजचं येणंजाणं फोंडा ते पणजी, म्हणजे कुंडई, भोम, बाणस्तारी, जुनं गोवं असा रस्ता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बाणस्तारीच्या पुलावर मर्सिडीजने तिघांचा जीव घेतला आणि मग गाडी नेमकं कोण चालवत होतं ह्यावरच किती चर्चा चालली ते इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. त्या पुलावरून दिवसातून दोनदा जाताना ते डोक्यातून जात नाही. रस्त्यावर काय झालं ते सांगणारं काहीतरी आपल्या गाडीत असलंच पाहिजे हे मला तेव्हापासून पटलेलं आहे.

आता सुपरकपॅसिटर का ते. आपली गाडी दिवसभर कुठे उभी असते बघा, पणजीत कांपालला किंवा पाटोला उन्हात, सावलीची जागा सकाळी नऊच्या आत भरलेली असते. बंद गाडीत काचेजवळचं तापमान साठ अंशाच्या पुढे सहज जातं, आणि डॅशकॅम तर काचेलाच चिकटलेला असतो. लिथियम बॅटरीला एवढी उष्णता रोज सहन होत नाही, ती हळूहळू फुगते, मग कॅमेऱ्याचं बॉडी उघडतं, किंवा कॅमेरा दर वेळी तारीख विसरून जुन्या सालावर जातो. तारीखच चुकीची असेल तर त्या व्हिडिओचा पुराव्याला उपयोग काय. सुपरकपॅसिटरमध्ये वीज फार कमी साठते, गाडी बंद झाली की फक्त शेवटची फाइल नीट सेव्ह करायला लागते तेवढीच, पण उन्हाला तो कितीतरी जास्त टिकतो. डब्यावर मोठ्या अक्षरात ४के लिहिलेलं असतं आणि हे बारीक अक्षरात कुठेतरी खाली असतं, ते शोधा, नाहीच सापडलं तर दुकानदाराला सरळ विचारा.

माझ्या कॅमेऱ्यात सोनीचा स्टारव्हिस २ सेन्सर आहे, आयएमएक्स६७५, आणि रेकॉर्डिंग २५६० बाय १४४०. दिवसा पुढच्या गाडीचा नंबर स्वच्छ दिसतो, रेंट-अ-कारच्या काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरंसुद्धा. सेकंदाला ६० फ्रेम घेता येतात पण मी ३० वर ठेवून एचडीआर, म्हणजे झगझगीत उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळणारी सोय, चालू केलंय, कारण संध्याकाळी समोरून हेडलाइट आले की एचडीआरशिवाय नंबरप्लेट म्हणजे नुसता पांढरा ठिपका. रात्रीबद्दल खरं सांगायचं तर कुठल्याच डॅशकॅमकडून फार अपेक्षा ठेवू नका, उलट्या दिशेने वेगात गेलेल्या गाडीचा नंबर अंधारात मिळणं कठीणच, मग तो दहा हजारांचा असो की पंचवीसचा. पण गाडी कुठली, रंग कुठला, कोण कुठल्या लेनमध्ये होतं, सिग्नल काय होता, हे सगळं मिळतं आणि बहुतेक भांडणं त्यावरच असतात.

मागचा कॅमेरा मी घेतला नाही. त्याची वायर छतातून नेऊन डिकीच्या रबरी नळीतून ओढायची म्हणजे फिटिंग दुप्पट, आणि माझ्या पैशात दोन साधे कॅमेरे किंवा पुढचा एक चांगला असं होत होतं, मी एक चांगला घेतला. टॅक्सीवाल्यांचं वेगळं, त्यांना आतला कॅमेराही लागतो, पॅसेंजर काय बोलेल सांगता येत नाही.

कार्ड साधं घेऊ नका हो. फोनमधलं जुनं कार्ड काढून टाकायचं ही सवय आपल्याकडे भारी आहे, पण डॅशकॅम रात्रंदिवस एकाच कार्डावर लिहितो, भरलं की सगळ्यात जुनं पुसून परत लिहितो, साधी कार्डं त्यात लवकर मरतात आणि ती मेलीत हे आपल्याला अपघात झाल्यावरच कळतं. सॅनडिस्कचं हाय एन्ड्युरन्स किंवा सॅमसंगचं प्रो एन्ड्युरन्स असं ह्याच कामासाठी केलेलं घ्या. हिशोब असा, कॅमेरा ३० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ३० मेगाबिट, लिहीत असेल तर तासाला साडेतेरा जीबी जातात, म्हणजे १२८ जीबीत साधारण नऊ तास. माझं चार दिवसांचं ऑफिस त्यात बसतं, तेवढं पुरे. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारायचं, कॉम्प्युटरवर नाही.

आता फिटिंग, आणि ह्यावर मी मुद्दाम जास्त लिहिणार आहे कारण ह्याबद्दल कोणी बोलत नाही. आधी मी एका अॅक्सेसरीजच्या दुकानात गेले, नाव घेत नाही, तिथला मुलगा म्हणाला मॅडम दहा मिनिटांत करतो, आणि करणार कसं, तर आतल्या दिव्याची वायर कापून त्यात जोडून वर टेप गुंडाळणार. मी गाडी तशीच परत आणली. गाडीची मूळ वायर कापली की वॉरंटीचा प्रश्न येतो, आणि आपल्या हवेत टेपखालचा तो जोड गंज धरतो, चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने खारं वारं. असा जोड गरम होऊन जळल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात.

मग फोंड्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले, छोटंसं गॅरेज, बोर्डही धड नाही. त्याला कॅमेरा दाखवला तर त्याने आधी किट मागितलं, मग मीटर काढला आणि म्हणाला, मीटर लायनासतना हांव फ्यूजाक हात लायना, म्हणजे मीटर लावल्याशिवाय मी फ्यूजला हात लावत नाही. तिथेच माझा विश्वास बसला. हार्डवायर किट म्हणजे कॅमेऱ्याला थेट फ्यूज बॉक्समधून करंट देणारं वायरिंग, त्याला तीन वायरी असतात, पिवळी कायम करंटची, लाल चावी फिरवल्यावर करंट येणारी आणि काळी अर्थिंगची. त्याने फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज मीटरने तपासला, चावी बंद असताना कुठे बारा व्होल्ट येतात, चावी फिरवल्यावर कुठे येतात, आणि मग दोन फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारे जोड, लावले, एक चार्जिंग सॉकेटच्या फ्यूजवर आणि एक आतल्या दिव्याच्या. एकही वायर कापली नाही. उद्या कॅमेरा काढायचा झाला तर टॅप उपटून जुना फ्यूज बसवला की गाडी होती तशी. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कंट्रोलच्या फ्यूजना त्याने बोटही लावलं नाही, आणि मी विचारायच्या आधीच मला ते सांगितलं. काळी वायर प्लास्टिकच्या आतल्या स्क्रूला नाही तर बॉडीच्या बोल्टला, खालचा रंग थोडा घासून.

अजून एक गोष्ट त्याने केली ती तुम्ही उभं राहून बघून घ्याच. काचेच्या बाजूच्या खांबात, म्हणजे ए-पिलरमध्ये, बऱ्याच नवीन गाड्यांना कर्टन एअरबॅग असते. वायर त्या एअरबॅगच्या मागून न्यायची असते, पुढून नेली तर एअरबॅग उघडताना वायर आड येऊ शकते. घाईत करणारे वायर नुसती खाचेत दाबून मोकळे होतात. ह्याने पिलरचं कव्हर काढलं, वायर मागून ओढली, क्लिपने मूळ वायरिंगला बांधली, कव्हर परत बसवलं, आज ती वायर कुठून गेलीय हे मलाही दिसत नाही. दीड-दोन तास लागले, मजुरी दीड हजार घेतली, मला ती कमीच वाटली.

कॅमेरा आरशाच्या मागे, डाव्या बाजूला, वायपर फिरतो त्याच पट्ट्यात हवा. वायपरच्या बाहेर लावला तर जून ते सप्टेंबर नुसते पाण्याचे थेंब रेकॉर्ड होतील. आणि चिकटवायचा तो मे महिन्यात किंवा पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण कोरडी करून. दमट काचेवर लावलेला पॅड पहिल्याच उन्हात सुटून खाली येतो. पावसात एसी चालू ठेवला की काच आतून धुकट होत नाही, व्हिडिओपण साफ येतो.

पार्किंग मोडबद्दल दोन शब्द. हा मोड चालू असला की उभ्या गाडीला कोणी धक्का दिला तर धक्क्याच्या आधीचे काही सेकंदही रेकॉर्ड होतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गाडी लावणाऱ्यांना ह्याचं मोल सांगायला नको. पण करंट लागतो तो गाडीच्याच बॅटरीतून. पाव अँपिअर धरला तरी दिवसाला सहा अँपिअर-तास, आणि छोट्या गाडीची बॅटरी ३५ ते ४५ ची असते, म्हणजे तीन-चार दिवसांत निम्मी संपली. म्हणून किटवर लो व्होल्टेज कट-ऑफ असतो, मी तो १२.२ व्होल्टवर ठेवलाय, तिथे आला की कॅमेरा आपोआप बंद. मोपाच्या विमानतळावर गाडी लावून आठवडाभर बाहेर जाणार असाल तर कॅमेऱ्याची वायर काढूनच जा. आणि मोशन डिटेक्शन बंद ठेवा, घरासमोर माड असतील तर झावळी हलली की रेकॉर्डिंग सुरू, रात्रभर तेच. धक्का ओळखणारा जी-सेन्सरपण लो वर, नाहीतर आपल्या रस्त्यांवर प्रत्येक गतिरोधकाला आणि खड्ड्याला फाइल लॉक होते आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत लॉक झालेल्या फाइली पुसल्या जात नाहीत, कार्ड त्यांनीच भरून जातं.

ज्यांना हे हार्डवायरिंग नको त्यांनी चार्जिंग सॉकेटमध्ये लावलं तरी चालतं, फक्त अॅडॉप्टर कॅमेऱ्याबरोबर आलेलाच वापरा. शंभर-दोनशे रुपयांच्या अॅडॉप्टरने रेडिओत खरखर येते, माझ्या बहिणीच्या गाडीत १०५.४ एफएम नीट लागायचंच नाही, अॅडॉप्टर बदलला आणि आवाज साफ.

उपयोग झाला का, तर झाला. कुंडईच्या चढावर ट्रॅफिकमध्ये पुढची गाडी मागे घसरत आली आणि माझ्या बंपरला लागली, खाली उतरून तो माणूस मलाच म्हणायला लागला की तुम्ही मागून ठोकलं. आपल्याकडे मागचाच चुकीचा असं सगळे धरून चालतात, बघेबघेपर्यंत चार माणसं जमली आणि तीही त्याच्याच बाजूने. मी फोन कॅमेऱ्याच्या वाय-फायला जोडला आणि तिथेच व्हिडिओ दाखवला, माझी गाडी थांबलेली, जीपीएसचा वेग शून्य, आणि त्याची गाडी मागे येतेय. तो काही न बोलता पैसे द्यायला तयार झाला. एकटी बाई गाडी चालवत असली की रस्त्यावर आवाज चढवणारे खूप भेटतात, त्यांच्यापुढे ओरडावं लागत नाही हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

पण हेही लक्षात ठेवा, तो वेग तुमच्याविरुद्धही दिसतो. आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं तर व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवून निश्चिंत होऊ नका. व्हॉट्सअॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, ती मूळ फाइल राहत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या ६५बी कलमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय, त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलवरून काढलेला ओळख-आकडा, लिहायची असते. मूळ फाइल बदलली की हॅश बदलते. तेव्हा अपघात झाला की आधी कार्ड काढा, पाकिटात घाला, दुसरं कार्ड टाकून गाडी चालवा. एक जादा कार्ड ग्लोव्ह बॉक्समध्ये असू द्या. रोजच्या वापरात माइक मी बंद ठेवते, घरातल्या माणसांचं बोलणं कार्डावर कशाला, ज्याला हवं त्याने चालू ठेवावं पण गाडीत बसणाऱ्याला सांगून.

गोवा पोलिसांनी २०१७ मध्ये ट्रॅफिक सेंटिनल योजना काढली होती, नियम मोडणाऱ्यांचे फोटो-व्हिडिओ पाठवायचे आणि पॉइंट मिळवायचे. मी डॅशकॅम त्यासाठी घेतलेला नाही आणि कोणी घ्यावा असंही मला वाटत नाही, गावात सगळे एकमेकांना ओळखतात.

खर्च म्हणाल तर कॅमेरा, किट, कार्ड आणि मजुरी धरून पंधरा हजारांच्या आसपास गेले. एवढं बजेट नसेल तर कमी रिझोल्यूशनचा घ्या, अगदी १०८०पी चालेल, पण सुपरकपॅसिटरवाला आणि फ्यूज टॅपने बसवलेला. काचेवरची चमक कापणारा सीपीएल फिल्टर वेगळा मिळतो, डॅशबोर्ड फिक्या रंगाचा असेल आणि काचेत त्याचं प्रतिबिंब पडत असेल तरच घ्या, रात्री तो उजेड कमी करतो. माझा डॅशबोर्ड काळा आहे, मी घेतला नाही आणि अजून गरज वाटलेली नाही.