साचा तोच, पंख नवे : अर्थराइज मालिकेतील थ्रस्ट

एकाच साच्यातून अनेक पात्रे काढायची, ही ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यांची, म्हणजे घड्या उलगडून रोबोचे विमान किंवा गाडी होणाऱ्या खेळण्यांची रीत पहिल्या वर्षापासूनची आहे. हॅस्ब्रोने १९८४ मध्ये जपानच्या ताकारा कंपनीच्या डायक्लोन आणि मायक्रोमॅन या मालिकांतील खेळणी नव्या नावांनी अमेरिकेत आणली, तेव्हाच एफ-१५ विमानाच्या एका साच्यातून राखाडी स्टारस्क्रीम, निळा थंडरक्रॅकर आणि काळा-जांभळा स्कायवॉर्प असे तिघे बाहेर पडले. १९८५ मध्ये त्याच साच्याला वेगळे पंख देऊन रॅमजेट, थ्रस्ट आणि डर्ज आले. या दुसऱ्या तिघांना चाहते ‘कोनहेड’ म्हणतात, कारण कार्टून मालिकेत विमानाचे टोकदार नाक त्यांच्या डोक्यावर तसेच उभे असते. २०२० च्या अर्थराइज मालिकेने हीच परंपरा चालवली. स्टारस्क्रीमसाठी केलेल्या साच्यात फेरफार करून थ्रस्ट काढण्यात आला, आणि कोल्हापुरात राजारामपुरीतील एका दुकानातून घेतलेल्या त्या थ्रस्टबद्दल हे लिहीत आहे.

उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो वस्तूच्याच आकाराचा नमुना, बनवण्याचे काम करत असल्यामुळे कोणतेही खेळणे हातात आले की माझी नजर चेहऱ्याआधी पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटणाऱ्या रेघेवर जाते. अशा फेरफार केलेल्या खेळण्याचे मोल ठरवताना मी एवढेच पाहतो की कंपनीने केवळ रंग पालटला आहे की साच्यालाही हात लावला आहे, आणि लावला असल्यास तो योग्य ठिकाणी लावला आहे का.

आधी रंगाविषयी. ‘रिपेंट’ म्हटले की वरून रंग फासला असे अनेकांना वाटते, परंतु बहुतेक भागांत रंग मुळात प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला असतो आणि वरचा रंग केवळ पट्टे, चेहरा, चिन्हे अशा मोजक्या जागी लागतो. रंगद्रव्य बदलले की प्लॅस्टिकचे आकुंचनही थोडे बदलते, म्हणूनच एकाच साच्यातल्या दोन भावंडांपैकी एकाचे सांधे घट्ट आणि दुसऱ्याचे सैल निघू शकतात. माझ्याकडील थ्रस्टचे खांदे स्टारस्क्रीमपेक्षा घट्ट आहेत, मात्र डावा गुडघा किंचित ढिला आहे. गडद तांबडा रंग एकसारखा उतरला असून त्यात धातूची चमकी नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. चमकी मिसळलेले सोनेरी प्लॅस्टिक वर्षांनुवर्षांनी ठिसूळ होऊन हातात तुटल्याच्या तक्रारी जुन्या खेळण्यांबाबत सर्वश्रुत आहेत.

खरा पैसा पंखांत गेला आहे, आणि तो दिसतो. थ्रस्टच्या पंखांत विमानाला सरळ वर उचलणारे गोल पंखे असतात, तीच त्याची ओळख. येथे त्या पंख्यांची पाती वेगवेगळी मोजता येतील इतकी स्वच्छ उमटली आहेत. पंख उलटा करून पाहिला, तर इजेक्टर पिनचे, म्हणजे तयार भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे बारीक गोल ठसे खालच्या बाजूस ठेवलेले आढळतात, म्हणजे साचा करणाऱ्याने दर्शनी बाजूची काळजी घेतली आहे. कडेला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून निसटलेल्या प्लॅस्टिकची पातळ कड, नाही. याउलट धड आणि दंड स्टारस्क्रीमचेच असल्याने तेथे नवे काही शोधू नये. पोलादी साच्यातून धातू कापून खेळण्यावर उठाव वाढवणे सोपे असते. उठाव कमी करायचा तर साच्यात वेल्डिंग करून भर घालावी लागते किंवा नवा इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसणारा सुटा तुकडा, बसवावा लागतो. आमच्या लाकडी पॅटर्नचे गणित याच्या नेमके उलट असते, आणि म्हणूनच असले जोडकाम पाहताना मला विशेष मौज वाटते.

रूपांतरात एकच फरक महत्त्वाचा आहे. स्टारस्क्रीमचे नाक दुमडून मागे जाते, थ्रस्टचे डोक्यावर उभे राहते. व्हॉयेजर या मापाच्या, म्हणजे सुमारे १७-१८ सेंटीमीटर उंचीच्या या रोबोला त्यामुळे एकदम वेगळी ठेवण मिळते, आणि दोघे शेजारी उभे केले तर साचा एक आहे हे सहज लक्षात येत नाही. विमानरूप मात्र मला तितकेसे पटले नाही. खालून पाहिल्यास दुमडलेले हात उघडपणे दिसतात आणि पंख्यांमुळे पंखांची मुळे जाड वाटतात. शस्त्रांच्या पाच मिलिमीटरच्या खुंट्या इतर मालिकांतील रोबोंच्या हातांतही बसतात, ही सोय उपयोगी आहे.

किमतीबाबत तक्रार आहे. त्याच दुकानात स्टारस्क्रीम कमी दराने असताना, साच्याचा बहुतांश खर्च आधीच निघालेल्या थ्रस्टला जास्त दर लावला होता, आणि कारण विचारले तर ‘पीस मिळत नाही हो’ एवढेच उत्तर मिळाले. दुसरे असे की, १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. या डब्यावर ते नव्हते. संग्राहकाला त्याने फारसा फरक पडत नसेल, पण मुलासाठी घेणाऱ्याने डबा फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ज्याच्याकडे स्टारस्क्रीम आहे त्याने हा थ्रस्ट अवश्य घ्यावा, कारण वेगळेपण पंखांत आणि डोक्यावर, म्हणजे नजर जाते तेथेच आहे. ज्याला या साच्यातले एकच विमान हवे आहे, त्याने स्टारस्क्रीमवर थांबावे. त्याचे विमानरूप अधिक सुबक आहे आणि खिशालाही परवडते. थ्रस्टच घ्यायचा ठरला तर दुकानदाराला डबा उघडू देण्याची विनंती करावी, नाक दोनदा वर-खाली करून बिजागरी पाहावी आणि दोन्ही गुडघे वाकवून रोबो एका पायावर उभा राहतो का ते तपासावे.