यंत्राने रचलेली मंगलाष्टके: वृत्तात नापास, मांडवात पास

लग्नघरातील मंगलाष्टके रचण्याचे काम पूर्वी एखाद्या आत्याकडे किंवा हौशी काकांकडे आपसूक जात असे. भाचीच्या लग्नात मात्र ते कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एका सशुल्क सेवेकडे सोपवले गेले. वधूवरांची व दोन्हीकडच्या आई-वडिलांची नावे, कुलदैवत आणि वधूच्या दिवंगत आजीचा उल्लेख एवढे दिल्याबरोबर आठही कडवी पडद्यावर उमटली.

वृत्त सांभाळणे या सेवेला जमत नाही. मंगलाष्टके परंपरेने ज्या वृत्तात रचतात त्या शार्दूलविक्रीडिताच्या चरणात १९ अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम, आणि लघु-गुरू (हलक्या-जड) अक्षरांचा म-स-ज-स-त-त-ग असा गणक्रम असतो. हे नियम विचारले तर यंत्र बिनचूक सांगते आणि पुढच्याच ओळीत सोळा-सतरा अक्षरे मांडून मोकळे होते. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ ही शेवटची सात अक्षरे तेवढी बरोबर येतात, कारण ती परंपरेनेच आयती दिलेली आहेत. चूक दाखवली की नम्रपणे क्षमा मागून तीच चूक दुसऱ्या कडव्यात केली जाते. आजी गोधड्या शिवत असत, एवढे कळवल्यावर ‘मायेची ऊब’ अवतरली, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

तरीही आजींच्या कडव्याला मांडवात अनेकांचे डोळे पाणावले. त्या ओळी कोणत्याही आजीला लागू पडाव्यात इतक्या सर्वसाधारण होत्या. ऐकणाऱ्यांनी त्यांत आपापल्या आठवणी भरल्या आणि सोपेपणामुळे ते भरणे सुकर झाले. पिट्सबर्ग विद्यापीठातील दोन संशोधकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असेच काहीसे दिसते. त्यात १,६३४ जणांना दहा इंग्रजी कवींच्या कविता आणि त्यांच्या शैलीत चॅटजीपीटी ३.५ ने केलेल्या रचना दिल्या असता, माणसाची कोणती व यंत्राची कोणती हे बरोबर ओळखण्याचे प्रमाण ४६.६ टक्के, म्हणजे नुसत्या अंदाजापेक्षाही कमी, निघाले. वाचकांना यंत्राच्या कविता अधिक आवडल्या. रचना यंत्राची आहे असे आधी सांगितले की मात्र तिला कमी गुण मिळत.

आमच्याकडेही जेवणाच्या पंगतीत कवीची चौकशी झाली आणि खरे उत्तर मिळताच एक मावशी गप्प झाल्या. ‘आधी सांगायचं तरी,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचा रोष कवितेवर नव्हता, न सांगण्यावर होता, असे मला वाटते. वधूच्या आईला त्याचे काहीच वाटले नाही: ‘नाव माझ्या आईचंच होतं ना?’ दोन्ही प्रतिक्रिया मला खऱ्या वाटतात, आणि त्यांचा मेळ घालण्याची घाई करावीशी वाटत नाही.

ज्याला लघु-गुरू कळतात त्याच्यासाठी कच्चा खर्डा म्हणून ही सेवा पैसे मोजण्याजोगी आहे. इतरांनी पुरोहितांकडची छापील अष्टके घ्यावीत. ती निदान चालीत बसतात. दिवंगत व्यक्तीचे कडवे मात्र घरातल्याच कोणी तरी लिहावे, वृत्त थोडे चुकले तरी चालेल.