जुन्या लॅपटॉपचा होम सर्व्हर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

घरात जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल, तर तयार नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवायचं उपकरण) विकत घेण्याआधी तो वापरून बघा. माझ्याकडे त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि सांबा (एसएमबी पद्धतीने घरातल्या उपकरणांना फाइली वाटणारं सॉफ्टवेअर) गेले कित्येक महिने विनातक्रार चालू आहे. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे त्याची बॅटरी. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून दोन-तीनदा जाते, तेव्हा वेगळ्या यूपीएसशिवाय सर्व्हर चालू राहतो. राउटरला मात्र छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावावा लागला.

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, म्हणून डेबियनमधल्या लॉगइनडी या सेवेच्या सेटिंगमध्ये हँडललिडस्विच, म्हणजे झाकण मिटल्यावर काय करायचं ते, 'इग्नोर' करायचं. राउटरमध्ये त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करून टाकायचा. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, तो एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडने द्यायचा. बस.

वेगाचं गणित वायरवर आहे. सेवा देणाऱ्या कंपनीने बसवलेल्या राउटरची केबल लावायची पोर्टं १०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटची निघाली (आठ बिटांचा एक बाइट). कितीही आटापिटा केला तरी सेकंदाला ११-१२ एमबीच्या (मेगाबाइटच्या) वर फाइल जात नव्हती. मधे गिगाबिट स्विच (१००० एमबीपीएसची केबल जोडायची पेटी) टाकला, कॅट ५ई केबल ओढली आणि तीच कॉपी १०० एमबीच्या आसपास गेली. लग्नाच्या व्हिडिओचं फोल्डर हलवताना हा फरक डोळ्यांत भरतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा. विंडोजवरून नेटवर्कवरची फाइल डिलीट केली की ती रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट उडते. सांबात 'रीसायकल' नावाचं मॉड्यूल आहे. शेअरच्या सेटिंगमध्ये ते जोडलं की उडवलेली फाइल एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. बायकोकडून जीएसटीच्या कागदपत्रांचं फोल्डर चुकून उडालं होतं, ते तिथूनच जसंच्या तसं परत मिळालं. त्या एका दिवशी सगळी खटपट वसूल झाली.

आई टीव्हीवर व्हीएलसीमधून कीर्तनं लावते, आयफोनच्या फाइल्स ॲपमधून फोटो उघडतात. बाहेरून वापरायला टेलस्केल (आपल्या उपकरणांना इंटरनेटवरून खाजगीरीत्या जोडणारं ॲप) आहे. आमच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) नाही, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून येणारी विनंती राउटरमधून सर्व्हरकडे वळवण्याचा, उपयोगच नव्हता. असता तरी ४४५ क्रमांकाचं पोर्ट, ज्यावरून एसएमबी चालतं, ते इंटरनेटवर उघडं ठेवू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने याच एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर धुमाकूळ घातला होता.

विजेचा खर्च नगण्य, साधारण १२ वॉट धरले तर महिन्याला नऊएक युनिट. काळजी आहे ती बॅटरीचीच. सतत चार्जिंगवर राहून ती फुगू शकते, म्हणून बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवली आहे आणि दर महिन्याला लॅपटॉप उलटा करून तळ सपाट आहे ना, हे हात फिरवून बघतो. ज्या लॅपटॉपमध्ये अशी मर्यादा घालता येत नाही, तो चोवीस तास लावून ठेवायला मी धजावणार नाही.